वावरावावरानं लिहा: घरातल्या जुन्या शेतकऱ्याचं आयुष्य नोंदवायची रीत

घरातले आबा ऐंशी ओलांडतात, सहस्रचंद्रदर्शनाचा बेत ठरतो, नातवंडं म्हणतात की एक छोटी पुस्तिका काढू. मग जो मजकूर तयार होतो तो जवळपास सगळीकडे एकच असतो: कष्टाळू, धार्मिक, परोपकारी, कुटुंबवत्सल. नाव बदललं तर तीच पुस्तिका शेजारच्या गावातही खपून जाईल. चूक भावनेत नसते, विचारण्याच्या पद्धतीत असते. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं की शेतकरी माणूस दोन वाक्यांत उरकतो: ‘काय सांगू, मातीत गेलं सगळं.’ त्याच माणसाला ‘खळ्याजवळच्या वावरात पहिल्यांदा केळी कधी लावली?’ असं विचारा. तास कसा गेला ते कळत नाही.

म्हणून ही सगळी रीत वावर, म्हणजे शेत, धरून आहे. खान्देशात प्रत्येक वावराला नाव असतं. आंब्याचं वावर, खारी, नदीकाठचं, मळा, कुणाच्या तरी नावानं ओळखलं जाणारं विकत घेतलेलं. पहिलं काम म्हणजे या नावांची यादी. विकलेली, वाटणीत गेलेली, धरणात किंवा रस्त्यात गेलेली वावरंही तिच्यात धरा. एका कोऱ्या कागदावर आबांकडूनच नकाशा काढून घ्या. हात थरथरत असेल तर ते सांगतील तसा तुम्ही काढा. विहीर कुठं, बांध कुणाशी, चिंच कुठं होती, पाण्याचा ओघ कुठून कुठं, सगळं त्यात येऊ द्या. पुस्तिकेची प्रकरणं या कागदातूनच निघतात.

कधी आणि कसं बसायचं

सकाळचा चहा झाल्यावर नऊ ते अकरा ही वेळ चांगली, नाहीतर दुपारची झोप झाल्यावर चारनंतर. एका बैठकीला पाऊण तास पुरे. त्यापुढे आवाज बसतो, तारखा मिसळतात आणि ‘हो, तसंच असेल’ अशी उत्तरं सुरू होतात. अशी उत्तरं यायला लागली की त्या दिवसापुरतं थांबायचं. आठवड्याला दोन बैठका धरल्या तर दीड-दोन महिन्यांत बारा-पंधरा बैठका होतात. एका पुस्तिकेला तेवढं पुष्कळ आहे.

ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा. फोनवर रेकॉर्डिंग करताना विमान मोड लावा, नाहीतर मधेच फोन वाजतो आणि तो तुकडा जातो. फोन खाटेवर किंवा टेबलावर नुसता ठेवला की प्रत्येक हालचालीचा ठोका त्यात येतो. चौपदरी घडी केलेल्या उपरण्यावर ठेवा, तोंडापासून दोन वितींवर. पंखा बंद करा किंवा लांबचा चालू ठेवा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय आणि कोण बसलंय हे बोलून ठेवा. एका तासाचं बोलणं उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात, हे आधीच हिशेबात धरा. पंधरा रेकॉर्डिंग साठवून शेवटी लिहायला बसलेल्यांचं काम बहुधा तिथंच पडून राहतं. बैठक झाली की त्याच आठवड्यात उतरवा आणि त्याच दिवशी फाइलची एक प्रत दुसऱ्या फोनवर किंवा पेनड्राइव्हवर टाका.

वर्षातली सर्वात चांगली वेळ आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला लेकी माहेरी येतात, म्हणजे आबांच्या बहिणी, आत्या, लेकी एकाच ओट्यावर सापडतात. एकच गोष्ट तिघींना वेगवेगळी आठवते आणि त्या एकमेकींना तिथल्या तिथं दुरुस्त करतात. त्या वेळी फोन चालू ठेवून आपण गप्प बसायचं. आखाजीचा दुसरा उपयोग असा की सालदाराचं (वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याचं) साल याच दिवशी संपायचं आणि नवं ठरायचं. ‘आपल्याकडे पहिला सालदार कोण होता, साल किती ठरलं होतं, धान्य किती, कपडे-जोडा काय’ हे त्याच दिवशी विचारलं की सालागणिक आठवतं. सालदाराचं नाव पुस्तिकेत यायलाच हवं. वीस-वीस वर्षं ज्यानं त्या वावरात नांगर धरला त्याला ‘गडीमाणसं’ या शब्दात गुंडाळू नका. त्याच्या घरी जाऊन त्यालाही किंवा त्याच्या मुलांनाही विचारा. आबांचा स्वभाव कसा होता ते तिथं जास्त नीट कळतं.

कागद कुठले, आणि ते कसे वाचायचे

बैठका सुरू असतानाच कागद गोळा करायचे, कारण कागद दाखवला की आठवण जागी होते. प्रत्येक वावराचा आजचा सातबारा ऑनलाइन मिळतो. खरी गोष्ट जुन्या उताऱ्यांत आणि फेरफारांत (मालकी-बोजा बदलल्याच्या नोंदींत) असते. ते ऑनलाइन सापडले नाहीत तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. अर्जात गाव, तालुका, गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर हवा. ज्या गावात जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तिथं जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे आजच्या गट नंबरावर जुना उतारा मागितला की दुसऱ्याच कुणाचं वावर हाती येतं. आधी तलाठ्याकडून जुना नंबर काढून घ्या.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये मालकी आणि बोजा, बारामध्ये पीक. चरित्रासाठी बारा नंबरचा भाग म्हणजे सोनं आहे. कुठल्या साली किती क्षेत्रात दादर (रब्बी ज्वारी), किती कपाशी, किती भुईमूग, पाण्याचं साधन काय, हे वर्षवार सापडतं. एक सावधगिरी घ्या. ओळीनं पाच-सहा वर्षं तेच पीक आणि तेवढंच क्षेत्र दिसलं तर ती नोंद चावडीत बसून झालेली असू शकते. तिथं आबांचा शब्द मोठा धरा. सातच्या ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटीचं कर्ज चढलेलं असतं. विहीर कधी खोदली, इंजिन कधी आलं याचा अंदाज त्या बोज्याच्या फेरफारावरून लागतो. मालकाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या भावांची, नाव फक्त मोठ्याचं. आबा धाकटे असतील तर त्यांनी पंचवीस वर्षं कसलेल्या वावरावर त्यांचं नावच दिसणार नाही. ‘कागदात नाव नाही’ म्हणून ते वावर गाळलं की त्यांचं अर्धं आयुष्य गाळलं जातं.

क्षेत्राचा हिशेब जुळवून घ्या. आबा एकर-गुंठ्यात बोलणार (४० गुंठ्यांचा एकर), उतारा हेक्टर-आरमध्ये असणार. ०.८१ हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर. पैसे १ एप्रिल १९५७ पूर्वीचे असतील तर रुपये-आणे-पै: १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. त्याचं आजच्या पैशात रूपांतर करत बसू नका. त्याऐवजी विचारा, तेवढ्या रुपयांत त्या वेळी काय यायचं? ‘बैलजोडी’ किंवा ‘दोन लुगडी’ हे उत्तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. मण, शेर, पायली यांचं तसंच. मण चाळीस शेरांचा हे ठीक, पण शेर कुठला हे गावोगाव बदलायचं. घरात जुनी पायली असेल तर ती ज्वारीनं भरून काट्यावर वजन करा आणि तो आकडा कंसात द्या.

जन्मतारखेचा घोळ तर ठरलेलाच. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला की समजा, ती गुरुजींनी लावलेली तारीख आहे. शाळेत घालताना सोयीची तारीख टाकायचे, तेव्हा वर्षही दोन-तीननं मागेपुढे असू शकतं. दाखल्यावरची तारीख ‘दाखल्यानुसार’ म्हणून द्या आणि खरी तारीख खुणांवरून शोधा. व्यापाऱ्याच्या किंवा घरच्या जुन्या वहीत संवत असेल तर दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करायचे, जानेवारी ते दिवाळी ५६. पत्रिकेत किंवा लग्नाच्या याद्यांत शके असेल तर ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९.

कागदांपेक्षा भरवशाची एक जागा घरातच असते: पितळेची भांडी. माळ्यावरचा हंडा, कळशी, परात उतरवा. काठावर टोचून नाव घातलेलं असतं: कुणी दिलं, कुणाला, कुठल्या प्रसंगी आणि पुष्कळदा तारीखही. काजळी धरली असेल तर चिंचेच्या कोळानं हलकं घासा. तारेच्या घासणीनं घासू नका, टोचलेले ठिपके जातात. पुसून झाल्यावर विजेरी काठाला आडवी धरा, समोरून नको. आडव्या उजेडात ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि अक्षर उठून दिसतं. तरीही लागलं नाही तर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल घासा. दाखल्यात नसलेलं लग्नाचं साल एका कळशीच्या काठावर सापडतं, असं खान्देशातल्या घराघरांत होतं.

मागच्या पिढ्यांसाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये. त्यांच्याकडच्या नामावळीत गाव आणि आडनाव सांगितलं की घराण्याचं पान निघतं. आजा, पणजा कधी क्षेत्राला गेले, सोबत कोण होतं, आणि काही पानांवर त्यांची सही किंवा अंगठाही. ज्या समाजांचे भाट आहेत तिथं भाटाच्या वहीतही वंशावळ मिळते. दोन्हीकडची नावं जुळवून पाहा. मुलींची नावं बहुतेकदा दोन्हीकडे नसतात, ती आत्यांकडूनच घ्यावी लागतात.

साल आठवत नाही तेव्हा खुंट्या

‘कोणत्या साली?’ हा प्रश्न टाळा. ‘त्याच्या आधी की नंतर?’ असं विचारा. त्यासाठी सगळ्यांना माहीत असलेल्या घटनांची यादी शेजारी ठेवा. फार जुन्या माणसाला फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, डिसेंबर १९३६. नवे पैसे, १९५७. महाराष्ट्र राज्य, १ मे १९६०. पूर्व खान्देशचं जळगाव आणि पश्चिम खान्देशचं धुळे हे नाव त्याच सुमाराला रुळलं. पुढे गिरणा धरण १९६९, दुष्काळ १९७२, हतनूर धरण १९८२, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८. दुष्काळ ही सगळ्यात पक्की खुंटी. लाल मिलो ज्वारी, सुखडी, खडी फोडायचं काम हे शब्द काढले की त्या वर्षी कोण किती वयाचं होतं, घरात कुठलं जनावर होतं, सगळं बाहेर येतं.

पिकाच्या खुंट्याही उपयोगी पडतात. संकरित एच-४ कपाशी १९७० सालची, त्यामुळे ‘संकरित लावली तेव्हा’ म्हटलं तर ते सत्तरनंतरच. सरकारची कापूस एकाधिकार खरेदी १९७२ पासून. बीटी कपाशी २००२ नंतर. केळीत बसराई हा जुना वाण लावत होते की टिश्यू कल्चरची रोपं, मोट होती की इंजिन की वीज, ठिबक कधी आलं, यावरून दहा-दहा वर्षांचे टप्पे आपोआप पडतात.

वावरात जाऊन विचारायचं

चालता येत असेल तर एक तरी बैठक बांधावर घ्या. बैलगाडी, रिक्षा, मोटारसायकल, जे झेपेल ते. थंडीत सकाळी आठनंतर न्या आणि बसायला खुर्ची सोबत असू द्या. उभ्या माणसाचं लक्ष पायांकडे जातं. विहिरीच्या काठावर प्रश्न असे हवेत: किती परस (पुरुषभर उंचीची मापं) खोल? खडक कुठं लागला? सुरुंग कुणी लावला? पहिलं पाणी किती हातावर लागलं? मोटेनं दिवसभरात किती वाफे भिजायचे? बैल कुणाचे, त्यांची नावं काय?

जुनी अवजारं असतील तर समोर ठेवा. वखर नुसता ‘वखर’ म्हणून लिहू नका. खोड, दांडी, रुमणं, जानोळं, पास, असं एकेका भागावर बोट ठेवून त्या गावात त्याला काय म्हणतात ते लिहा, कारण दहा कोसांवर शब्द बदलतो. झिजलेल्या पासेचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. तिफणीचं चाडं असेल तर आबांना त्यात मूठ धरायला सांगा. बी सोडताना बोटं कशी हलतात, कुठल्या बोटानं धार कमी होते, हे हात दाखवतो, तोंडाला ते सांगता येत नाही. त्या हाताचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. ज्यानं चाळीस पावसाळे पेरणी केली त्याची मूठ रिकाम्या चाड्यावरही बरोबर लयीत उघडते.

साक्री-धुळ्याकडच्या पांझरेकाठच्या घरांनी फड बागायतीवर (बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वाटून घ्यायची जुनी पद्धत) वेगळी बैठक घ्यावी. बंधारा, पाट, कुठल्या फडात त्या वर्षी कुठलं पीक, पाटकरी आणि हवालदार कोण होते, जागल्याला सुगीला काय द्यायचे, पाट साफ करायला घरटी किती माणसं निघायची. इथं शेती आणि सेवा वेगळी करताच येत नाही. पाणी सगळ्यांचं असल्यामुळे प्रत्येकाचं काहीतरी सार्वजनिक काम असायचंच.

आजीला वेगळं विचारा

आबांसमोर आजी बोलत नाहीत, किंवा त्यांचंच वाक्य पुढं नेतात. त्यांची बैठक स्वयंपाकघरात, आबा बाहेर असताना घ्या. उताऱ्यावर त्यांचं नाव क्वचितच असतं. म्हणून त्यांच्या भागाला कागद नाही, काम हाच पुरावा. पहाटे किती वाजता जातं सुरू व्हायचं, एका वेळेला किती दळण, किती भाकरी, वावरात न्याहारी किती माणसांची जायची, वेचणीला कुठल्या बाया सोबत असायच्या, बाळंतपणं कुठं झाली, किती मुलं जगली. शेवटचा प्रश्न हळू विचारा आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारू नका. माहेरचं गाव, माहेरचं नाव आणि लग्नानंतर बदललेलं नाव ही दोन्ही नावं लिहा.

रेसिपी विचारली की ‘अंदाजानं’ हे उत्तर येणार. कळण्याची भाकरी असेल तर ज्वारी आणि उडीद त्यांना मुठीनंच परातीत घालू द्या, तुम्ही प्रत्येक मूठ वजनकाट्यावर मोजून घ्या. खापरावरचे मांडे असतील तर पुरण किती शिजलं, कणीक किती वेळ तिंबली, दोन्ही हातांवर मांडा वाढवताना कोपर कुठं असतो हे पाहून लिहा.

देवधर्म आणि गावाचं काम

‘धार्मिक वृत्ती’ या दोन शब्दांत मावतं त्यापेक्षा इथं पुष्कळ असतं, फक्त ते कामाच्या रूपात विचारावं लागतं. सप्ताहात विण्याचा पहारा कुठल्या वेळेचा होता? रात्री दोन ते चारचा पहारा ज्याच्याकडे कायम असायचा त्याचं नाव गावाला आठवतं. वारीला कितीदा गेले, कोथळी-मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीसोबत की दुसऱ्या दिंडीत, मागे पेरणी कुणी सांभाळली? चैत्रात सप्तशृंगीला पायी गेले असतील तर मुक्काम कुठं कुठं? कानबाईचे (खान्देशातल्या देवीचे) रोट घरात कुणाच्या मापानं दळायचे आणि भाऊबंदांत किती घरांचे एकत्र? पाठ असलेले अभंग, ओव्या, आरत्या म्हणायला लावून पूर्ण रेकॉर्ड करा, अर्धवट नको. महानुभाव, सतपंथ, मुसलमान, पावरा, तडवी, घर कुठलंही असो, प्रश्न हेच. कोणी शिकवलं, कधी करता, काय लागतं, कोण सोबत असतं.

सेवेच्या भागात सगळ्यात जास्त चुका होतात. शाळेची खोली, पाणपोई, सोसायटी, देवळाचा सभामंडप ही कामं दहा-पंधरा जणांनी केलेली असतात. पुस्तिकेत ती एकट्या आबांची झाली की गावात नाराजी होते आणि ती योग्यच असते. सोसायटीचं किंवा ग्रामपंचायतीचं ठराव बुक पाहायला मिळालं तर सूचक-अनुमोदकांची नावं तिथं असतात. देणगी फलकाचा फोटो घ्या. आबांनी नेमकं काय दिलं ते लिहा: किती दिवस गाडी-बैल, किती पोती, किती रुपये, की नुसतं रोज जाऊन उभं राहणं. उभं राहणंही काम आहे, ते तसंच लिहा.

वाटणी, बांधाचा वाद, न फिटलेलं कर्ज निघालं आणि आबा म्हणाले ‘हे बंद कर’, तर त्याच क्षणी बंद करा. हयात माणसांचं भांडण छापू नका. मात्र ‘१९८० च्या सुमारास वाटणी झाली, मळा मोठ्या भावाकडे गेला’ एवढं सरळ लिहायला हरकत नाही, नाहीतर पुढची पानं समजत नाहीत.

लिहिताना आणि छापताना

प्रत्येक वावराचं एक प्रकरण, त्याच्या आत काळ. जन्मापासून सुरुवात करू नका, जुन्यातल्या जुन्या वावरापासून करा. कच्चा मजकूर झाला की सगळी विशेषणं लाल पेननं अधोरेखित करा आणि प्रत्येकाला विचारा, याचा दाखला कुठं आहे? ‘नाना फार कष्टाळू होते’ हे काढा. ‘वीज रात्रीच यायची, म्हणून उन्हाळाभर नाना दोनला उठून केळीला पाणी भरायला जात, कंदील विहिरीच्या काठावर ठेवून’ हे ठेवा. दाखला नसेल तर विशेषणही जाऊ द्या.

बोली तशीच ठेवा. ‘वावरमा’, ‘माले’, ‘मले’, ‘डोया’, जसं कानावर आलं तसं. अहिराणी आणि लेवा बोली एक समजून सरमिसळ करू नका. घरात जी बोलतात ती लिहा. अवघड शब्दाचा अर्थ पहिल्यांदा येईल तिथं समासात द्या. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं बोलीत, अशी वाटणी वाचायला सोपी जाते.

काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवर राहतो. काचेसकट खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला समांतर धरून टिपा. सुटा फोटो असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं. ज्याचं नाव कुणालाच आठवत नाही तिथं मोकळी रेघ सोडा, छापून गावात गेल्यावर ती भरली जाते.

पानं चारच्या पटीत ठेवा, पिनबांधणीला तसंच लागतं. बत्तीस पानं बहुतेक घरांना पुरतात. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, पहिले वाचक सत्तरीचेच असणार. छापायला देण्याआधी सगळा मजकूर आबांना मोठ्यानं वाचून दाखवा, दिवसाला एक प्रकरण. त्यानंतर एका बहिणीला आणि जुन्या शेजाऱ्याला. तिघांच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या रंगात घ्या. जिथं दोघांचं पटत नाही तिथं दोन्ही लिहा.

शेवटची दोन पानं कोरी सोडा. एक प्रत प्रत्येक लेकीच्या सासरी, एक सालदाराच्या घरी, एक गावच्या वाचनालयात, आणि रेकॉर्डिंगचे पेनड्राइव्ह दोन वेगळ्या घरांत ठेवा. पुढच्या आखाजीला सगळ्या प्रती परत मागवा. तोवर त्या कोऱ्या पानांवर बरंच लिहिलं गेलेलं असतं.